श्वास माझा नव्हता ते नऊ दिवस

गेल्या वर्षभरात मला अनोळखी घरांतून बरेच फोन आले. कुणाची बहीण आयसीयूत असते, कुणाचा दीर. सगळ्यांना एकच विचारायचं असतं, की तुम्ही यातून उठलात कशा. फोनवर मी पाच मिनिटांत जे सांगते ते अर्धवट असतं, आणि फोन ठेवल्यावर वाटतं की मुद्द्याचं राहूनच गेलं. म्हणून आता लिहायला बसले. माझा उजवा हात अजून लवकर थकतो. त्यामुळे जेवढा हात चालला तेवढं एका वेळी लिहिलं आहे.

मी सुनीता. वय एकोणपन्नास. उल्हासनगर कॅम्प चारमध्ये तेवीस वर्षं ब्लाऊज शिवते. मिस्टर अंबरनाथला एका केमिकल कंपनीत सुपरवायझर आहेत. एकच मुलगी, करुणा, ती तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. आमच्या दोन्हीकडच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून घर बौद्ध. विहारात रविवारची वंदना मी घ्यायचे आणि नंतर बायकांना अर्धा तास आनापान शिकवायचे. आनापान म्हणजे काही अवघड नाही. नाकाशी येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा पाहायचा, त्याला हात लावायचा नाही. दहा दिवसांचं मौनाचं शिबिर मी दोनदा केलं होतं. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. मला हे सगळं येतं असं मला वाटत होतं, आणि या गोष्टीत तेच महत्त्वाचं आहे.

मुंग्या

लग्नसराई चालू होती. आठवडाभर पोट बिघडलं होतं, ते बरं झालं, मी विसरूनही गेले. दोनेक आठवड्यांनी पायाच्या बोटांत मुंग्या यायला लागल्या. मला वाटलं, मशीनवर फार वेळ बसते म्हणून असेल. दुसऱ्या दिवशी मशीनचं पेडल पायाखाली आहे की नाही ते कळेना, खाली वाकून बघावं लागलं. संध्याकाळी अस्तर कापताना हातातली कात्री निसटून पडली. मी उचलली, पुन्हा पडली. जवळच्या डॉक्टरांनी अशक्तपणाचं इंजेक्शन दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मोरीत स्टुलावर बसले ती उठूच शकले नाही. करुणाने काखेत हात घालून उचलायला पाहिलं तर माझे पाय ओल्या कपड्यासारखे खाली लोंबले. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मिस्टरांनी आणि शेजारच्यांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली नेलं. जिन्यात सगळे दरवाजे उघडे होते, आणि मला काय वाटलं असेल तर लाज. गाऊनवर होते म्हणून.

कल्याणच्या हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरांनी लहानशा हातोडीने गुडघ्यावर ठोकलं. पाय उडायला हवा, तो हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर ठोकलं. तोही नाही. त्यांचा चेहरा बदलला ते मी पाहिलं. मग पाठीतून पाणी काढलं, हातापायांना शॉक देऊन तपासलं, आणि दुपारी त्यांनी मला आणि मिस्टरांना एकत्र सांगितलं. आजाराचं नाव गिलन-बारे. त्यांनी सोपं करून सांगितलं ते असं, की अंगातले जे पहारेकरी रोगाशी लढतात तेच चुकून नसांवरचं आवरण कुरतडायला लागतात. बहुतेक लोक यातून बरे होतात. पण आधी हे पायांकडून वर चढतं, आणि कुठे थांबेल ते आज सांगता येत नाही. छातीपर्यंत गेलं तर श्वासाला मशीन लागेल.

मिस्टरांनी विचारलं, जिवाला धोका आहे का. मी विचारलं, हात परत येतील का. डॉक्टरांनी आधी मिस्टरांना उत्तर दिलं.

एका दमात

आयसीयूत औषधाची बाटली चालू झाली, ती पाच दिवस चालणार होती. त्याखेरीज दर दोन तासांनी एक परीक्षा असायची. सिस्टर यायची आणि म्हणायची, मोठा श्वास घ्या आणि एका दमात एकपासून जेवढं जमेल तेवढं मोजा. पहिल्या दुपारी मी सव्वीसपर्यंत मोजलं. संध्याकाळी तेवीस. दुसऱ्या सकाळी एकोणीस. हात तोवर खांद्यापर्यंत गेले होते, ओठांच्या कडेने पाणी गळायला लागलं होतं, पण माझं सगळं लक्ष त्या आकड्यावर. पंधराच्या खाली गेला की नळी घालतील, हे मी कुणाच्या तरी बोलण्यात ऐकलं होतं.

आता खरं सांगते. मी लबाडी केली. नऊ आणि दहाच्या मध्ये, कुणाला कळणार नाही असा एक चोरटा श्वास घ्यायचा, पुन्हा चौदाला एक. पुढच्या वेळीही आकडा एकोणीसच आला. मिस्टर बाहेर जाऊन करुणाला सांगून आले, थांबलंय म्हणे. डॉक्टरही बरं म्हणाले. जिंकल्यासारखं वाटलं मला.

दुपारच्या पाळीला वैशाली नावाची सिस्टर होती. बारवी धरणाच्या पलीकडच्या पाड्यावरची, पंचविशीतली, कमी बोलणारी मुलगी. मी मोजत असताना तिने माझ्या पोटावर हात ठेवला होता. मोजून झाल्यावर ती म्हणाली, "मावशी, मधी श्वास घेताय तुम्ही."

मी मान हलवली, नाही म्हणून.

तिने वाद घातला नाही. कागद हातात धरून उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "आकडा चांगला यावा म्हणून नाय विचारत मी. डॉक्टरांना कधी बोलवायचं ते मला कळावं म्हणून विचारते. तुम्ही खोटं सांगितलंत तर मी खोटं लिहीन. मग धावपळ होईल तेव्हा वेळ गेलेली असेल."

तीस-तीस बायकांना दर रविवारी मी काय सांगत होते? श्वास लांब करू नका, आखूड करू नका, आहे तसा पाहा. आणि मरणाच्या दारात मी माझाच श्वास खोटा दाखवत होते. मला खूप शरम वाटली.

"पुन्हा मोजते," मी म्हणाले.

तेरा आले. वैशालीने तेरा लिहिलं आणि फोनकडे गेली.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं, वेळेत कळलं म्हणून नळी शांतपणे घालता आली. नाहीतर घाईत घालावी लागली असती, त्यात धोका जास्त. हा आजार असलेल्या प्रत्येकाला मी हे पहिलं सांगते. मोजायला सांगतील तेव्हा खरं मोजा.

नळी घालायच्या आधी दोघांना आत सोडलं. करुणाने माझे पाय धरले होते, मला कळत नव्हतं, दिसत होतं.  मिस्टर वाकले आणि माझ्या कानाशी त्रिसरणाच्या तीन ओळी म्हणायला लागले. मीही त्यांच्याबरोबर म्हणत गेले. दुसऱ्या ओळीनंतर माझा दम संपला. तिसरी त्यांनी एकट्याने म्हटली.

मशीन

पहिले दोन दिवस औषधाच्या गुंगीत गेले, त्यातलं मला काही आठवत नाही. तिसऱ्या दिवशी जाग आली ती अशी, की छाती आपोआप वर जाते आहे आणि मी ती उचललेली नाही.

हे कसं वाटतं ते कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून सांगते. तुम्हाला श्वास हवा असतो त्याच्या आधी तो येतो, किंवा नंतर येतो. तुम्ही आपला घ्यायला जाता, मशीन दुसरा देतं, दोघांची टक्कर होते आणि डोक्याशी भोंगा वाजतो. मी पहिला अर्धा दिवस मशीनशी भांडण्यात घालवला. प्रत्येक भोंग्याला वाटायचं, आता गेले. वैशाली यायची, नळी बघायची आणि एवढंच म्हणायची, त्याला करू द्या मावशी.

शिबिरात आम्हाला सांगितलं होतं की श्वासावर हुकूम चालवू नका, नुसते साक्षी राहा. दोन शिबिरं करूनही मी आतून थोडा हुकूम चालवायचेच. थोडा संथ कर, थोडा सुंदर कर. आता हुकूम चालवायची सोयच उरली नव्हती. श्वास यायचा, गार असायचा, थांबायचा, टक् आवाज व्हायचा, जायचा. मग मी तो पाहायला लागले. दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं. एक आला, गेला. दुसरा आला, गेला. हा माझा नाही, हे इतकं उघड होतं की मन त्याला चिकटेचना. पहिल्यांदा भीती वाटली त्याची. मग असं वाटलं, की आधीचा तरी मी कुठे बनवत होते? झोपेत तो आपला चालूच असायचा. मी फक्त त्यावर माझं नाव घालून ठेवलं होतं.

हे वाचून कुणी असं समजू नये की मी नऊ दिवस शांत बसले होते. दिवसातली दहा-पंधरा मिनिटं, कधी अर्धा तास. बाकी वेळ मी घाबरलेली असायचे. नाकाला खाज सुटायची आणि हात उचलता यायचा नाही. सिस्टर घशातला कफ ओढून काढायच्या तेव्हा डोळ्यांतून पाणी यायचं. पडद्यापलीकडच्या पेशंटला भेटायला माणसं जास्त येतात याचाही मला राग यायचा. ध्यानाने हे काही थांबलं नाही. एवढंच झालं, की राग आला तो गेला हे मला अधूनमधून कळायचं. आणि तेवढ्यावर पुढचा तास निघायचा.

पुठ्ठ्यावरची अक्षरं

करुणाने एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर मार्करने बाराखडी लिहून आणली. ती ओळीवरून बोट फिरवायची, बरोबर अक्षर आलं की मी मान हलवायचे, तेवढी हलत होती. एक शब्द व्हायला पाच मिनिटं लागायची.

चार दिवस माझ्याशी एकतर्फी बोलून ती दोघं दमली होती. मी पहिलं काय म्हणते याच्याकडे त्यांचे डोळे लागले होते. मी म्हटलं, "भाभी ब्लाऊज."

भाभी म्हणजे माझ्या जुन्या गिऱ्हाईक, आमच्याच कॅम्पातल्या सिंधी बाई. त्यांच्या मुलीच्या लग्नाचे अकरा ब्लाऊज माझ्या टेबलावर कापून पडले होते. करुणा हसली आणि म्हणाली, मम्मी, झालंय सगळं, तू नको बघू. मिस्टर मात्र खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते बरोबरच होतं. मरता मरता वाचलेली बायको पहिला शब्द बोलते तो गिऱ्हाईकाच्या ब्लाऊजचा. आसक्ती म्हणजे काय हे मी विहारात फळ्यावर लिहून समजावलं होतं. तिचं खरं रूप मला त्या पुठ्ठ्यावर दिसलं.

त्यानंतर दोन दिवसांनी मिस्टर बाटलीतून पाणी पीत होते तेव्हा त्यांच्या मनगटावर काळा दोरा दिसला. आमचे मिस्टर म्हणजे विहाराच्या कमिटीतले. घरात साधं लिंबू-मिरची येऊ दिलं नाही त्यांनी कधी, कुणी अंगारा दिला तर हात जोडून परत करतील. मी दोऱ्याकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी बाही खाली ओढली. मग स्वतःच सांगितलं, की कंपनीत कँटीनमध्ये एकाने आणला, म्हणाला वहिनींसाठी बांध, आणि त्यांचा हात आपोआप पुढे गेला. काढून टाकतो म्हणाले.

मी डोळ्यांनीच पुठ्ठा मागितला. "राहू द्या," एवढं सांगायला बराच वेळ लागला.

ते खुर्चीत बसले आणि रडले. मी आजारी पडल्यापासून पहिल्यांदा. मी आकडा धरून बसले होते, त्यांनी दोरा धरला. घाबरलेलं माणूस हाताला लागेल ते धरतं. त्याला त्या वेळी धम्म समजावू नये, शेजारी बसावं.

लताताई

नवव्या दिवशी नळी निघाली. वैशालीने एका दमात मोजायला सांगितलं. घोगऱ्या आवाजात मी सतरापर्यंत गेले, एकही चोरटा श्वास न घेता. तिने सतरा लिहिलं आणि माझी उशी सरळ केली.

आणखी तीन आठवड्यांनी घरी सोडलं. पण तिसरा मजला कसा चढणार? माझी थोरली नणंद लताताई अंबरनाथ पश्चिमेला राहतात, तळमजल्याला. त्या आणि मी चौदा वर्षं कामापुरतंच बोलत होतो. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात मी दुकान बंद केलं नाही, असं त्या चारचौघांत बोलल्या होत्या. आता त्याच आल्या आणि मिस्टरांना म्हणाल्या, तिला माझ्याकडे आण.

पुढचे चार महिने त्यांनी मला आंघोळ घातली. लिहायला सोपं आहे. मोठ्या माणसाला दुसऱ्या मोठ्या माणसाने, तेही जिच्याशी बिनसलंय तिने, पाटावर बसवून साबण लावायचा, हे पहिल्या दिवशी मला मरणाहून अवघड वाटलं होतं. मी डोळे मिटून घ्यायचे. त्या मात्र भांडी घासावीत तशा सरळ काम करायच्या, त्यामुळे हळूहळू माझाही अवघडलेपणा गेला.

एकदा त्या माझी पाठ पुसत होत्या तेव्हा मी म्हटलं, "ताई, तेव्हा तुम्ही बोललात ते खरं होतं. मी दुकान बंद ठेवायला हवं होतं."

त्या थोडा वेळ पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "खरं होतं. पण मी चारचौघांत बोलायला नको होतं. पाय वर कर."

चौदा वर्षांचं ओझं एवढ्यावर उतरलं. आजाराने काही चांगलं केलं का असं कुणी विचारलं तर मी हे सांगते.

जळजळ

हात-पाय परत यायला लागतात तेव्हा सुख होतं असं कुणाला वाटेल. मला तरी आधी आग झाली. दुपारी तीनच्या सुमाराला पाय तव्यावर ठेवल्यासारखे भाजायचे. चादरीचा स्पर्श सहन व्हायचा नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या मी वेळेवर घेतल्या. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, तिने सांगितलेलं सगळं केलं, रडत रडत केलं. हे ठळक सांगते, कारण मला भेटायला येणाऱ्या काही बायका म्हणायच्या, ताई ध्यानाने बऱ्या झाल्या. मी ध्यानाने बरी झाले नाही. औषधाने, मशीनने, वैशालीने आणि लताताईंनी मला बरं केलं.

पण गोळी घेतल्यावरही जी आग उरायची, तिच्याबरोबर बसायला मला शिबिरातलं शिक्षण कामाला आलं. आधी मी म्हणायचे, पाय जळतोय. मग नीट पाहिलं तर सबंध पाय जळत नव्हता. अंगठ्याशी टोचत होतं, टाचेला धगधग होती, घोट्याजवळ काहीच नव्हतं. थोड्या वेळाने टाच गार पडायची आणि पोटरीत सुरू व्हायचं. दुखणं एक नव्हतंच, दहा लहान लहान गोष्टी होत्या आणि त्यातली एकही एका जागी टिकत नव्हती. सगळं बदलत राहतं हे मी वर्षानुवर्षं पाठ म्हणत होते. आता ते माझ्याच टाचेत घडताना दिसलं. दुखणं कमी झालं असं नाही. पण हे असंच राहणार, ही जी वरची भीती होती, ती गेली. आणि मला वाटतं अर्ध्याहून जास्त त्रास त्या भीतीचाच होता.

शकुंतला

भाभींच्या ब्लाऊजचं काय झालं ते मला लताताईंकडे असताना कळलं. करुणाने कापलेले अकराच्या अकरा ब्लाऊज, मापांच्या वहीसकट, शकुंतलाला नेऊन दिले होते. शकुंतला समोरच्या गल्लीत शिवते. पंधरा वर्षं आमची चुरस. तिची गिऱ्हाइकं माझ्याकडे आली की मला बरं वाटायचं आणि माझी तिच्याकडे गेली की मी तिच्या शिलाईला नावं ठेवायचे.

मी करुणाला वाटेल ते बोलले. माझी वही, माझी मापं, तेवीस वर्षांची गिऱ्हाइकं तू त्या बाईच्या हातात दिलीस. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मम्मी, तुझ्या घशात नळी होती. मला ब्लाऊज दिसतच नव्हते. शकुंतला मावशी स्वतः आली आणि म्हणाली, तिची काळजी मी मिटवते, तू तिच्याजवळ जा. मी दिले."

मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी भाभी भेटायला आल्या, लग्नाची मिठाई घेऊन. त्याच अकरातला एक ब्लाऊज नेसलेल्या साडीवर घातला होता, त्यांचा स्वतःचा. मी त्यांना जवळ बोलावलं, बाहीची शिलाई पाहिली, कटोरीचा जोड पाहिला. एक दोष सापडला असता तर मला बरं वाटलं असतं. सापडला नाही. माझी कापणी जशीच्या तशी ठेवून तिने इतकं नीट शिवलं होतं की मलाही जमलं नसतं. भाभी म्हणाल्या, "दीदी, उसने पैकेट पर तुम्हारा ही नाम लिखके दिया था."

 त्या गेल्यावर मी करुणाला म्हटलं, शकुंतलाला फोन लाव.  फोनवर एवढंच म्हटलं, येऊन जा. ती दुसऱ्याच दिवशी आली.

उजव्या हाताचा अंगठा पूर्वीसारखा झालेला नाही. डॉक्टर म्हणतात, अजून थोडा सुधारेल, पण चार पदरी कापड कात्रीने सरळ कापणं कदाचित जमणार नाही. मी ते स्वीकारलं असं एका वाक्यात लिहिता येईल, पण त्याला सहा महिने लागले. रोज सकाळी मी कात्री हातात घेऊन बघायचे, आणि ज्या दिवशी ती नुसती लोखंडाची वस्तू वाटली त्या दिवशी ती शकुंतलाला दिली. आता आम्ही एकाच दुकानात बसतो. मापं मी घेते, खुणा मी करते, फिटिंगला नजर माझी. कापते आणि शिवते ती. पाटीवर दोघींची नावं आहेत. काम पूर्वीपेक्षा जास्त आहे, आणि मी सहाला दुकानातून उठते, जे मी तेवीस वर्षांत कधी केलं नव्हतं.

रविवारी विहारातही बसते. शिकवणं थोडं बदललं आहे. पूर्वी मी खूप बोलायचे.

बदलापूरचे सर

मागच्या महिन्यात बदलापूरहून एक बाई आल्या. त्यांचे मिस्टर शाळेत ड्रॉइंग शिकवतात, माझाच आजार. मशीन लागलं नाही, पण हात दोन महिने झाले तरी उठत नव्हते. माणूस कुणाशी बोलत नाही, तुम्ही एकदा या, म्हणाल्या.

मी गेले. दुसरा मजला होता, कठड्याला धरून थांबत थांबत चढले. सर पलंगावर होते, चाळिशीचे, दाढी वाढलेली. हात दोन्ही बाजूंना कुणी ठेवून दिल्यासारखे पडले होते. त्यांनी माझ्या चालण्याकडे पाहिलं, मग हातांकडे. मी अंगठा कुठपर्यंत वळतो ते दाखवलं. कुठे वळत नाही तेही दाखवलं.

"मी पूर्वीसारखा होईन?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मला माहीत नाही. मी झाले नाही. पण मी आज स्वतःच्या पायांनी तुमच्याकडे आले.

 ते म्हणाले, "तुम्ही ध्यान शिकवता असं हिने सांगितलं. मला शिकवा. म्हणजे हात लवकर येतील."

"त्यासाठी नाही शिकवत मी," मी म्हटलं. "हात डॉक्टर आणि व्यायाम आणतील. ते कधी येतील ते कुणाच्या हातात नाही."

"मग कशासाठी?"

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कुणी असा सरळ विचारला नव्हता. 

"हात येईपर्यंतचे दिवससुद्धा तुमचेच आहेत," मी म्हटलं. "ते वाया जाऊ नयेत म्हणून."

सर छताकडे बघत राहिले. आता ते मला जायला सांगतील असं मला वाटलं. पण त्यांनी बायकोला हाक मारली आणि पाठीमागे आणखी एक उशी लावायला सांगितली. तिने त्यांना नीट टेकवून बसवलं. मग त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "सांगा. काय करायचं?"